करमुक्त पगाराचा कर कोण भरतो?

"आखातात टॅक्स नाही" हे वाक्य कोकणातल्या आमच्या गावांत लहान मुलांनाही पाठ असते. खेड, दापोली, चिपळूण, महाड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतल्या मुस्लिम वस्त्यांत कुठल्याही घरी जा, घरातला कोणी ना कोणी दुबई, शारजा, कुवेत, दोहा, मस्कत, बहारीन नाहीतर जेद्दा पाहून आलेला असतो. सोयरिकीच्या बैठकीतही मुलाकडचे सांगतात, "दोन हजार दिरहम पगार, आणि टॅक्स-बिक्स काही नाही." मुलीकडचे मान डोलावतात. 'बेसिक किती?' हा प्रश्न अशा बैठकीत विचारला गेलेला आम्ही अजून ऐकलेला नाही.

टॅक्स नाही ही गोष्ट खोटी नाही. सहाही आखाती देशांत नोकरदाराच्या पगारावर आज आयकर लागत नाही. ओमानने २०२५ साली फर्मान काढून वर्षाला ४२,००० ओमानी रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के आयकर ठरवला आहे, त्याची अंमलबजावणी १ जानेवारी २०२८ ही तारीख धरून ठरलेली आहे. एवढे उत्पन्न आमच्या ड्रायव्हर, फोरमन, सेल्समन मंडळींचे नसते, तेव्हा त्यांनी त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे वेगळेच आहे. कर नाही म्हणून आमचा माणूस पगाराचा कागद वाचतच नाही, आणि जे कर भरून सुद्धा गेले नसते इतके पैसे तो त्या न वाचलेल्या कागदात गमावतो.

आपल्याकडे कारखान्यात लागलेल्या पोराच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंडाचे १२ टक्के कापले जातात तेव्हा तो कुरकुर करतो. पण त्या कपातीबरोबर मालकाचाही तितकाच हिस्सा जमा होतो, त्याची नोंद सरकारी दप्तरात राहते आणि मालक बुडाला तरी ती नोंद बुडत नाही. अमिरातीत पेन्शनची सरकारी योजना आहे, परंतु ती त्या देशाच्या आणि आखाती सहकार्य परिषदेतील देशांच्या नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. परदेशी कामगाराच्या म्हातारपणासाठी तिथे एकच तरतूद आहे, ती म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी. आमचे लोक तिला 'हिसाब' म्हणतात. हा हिसाब वर्षानुवर्षे कुठल्याही खात्यात जमा होत नाही, तो मालकाच्या खिशातच पडून असतो. म्हणजे आपल्या पगाराचा एक भाग आपण मालकाला बिनव्याजी उसना दिलेला असतो, आणि त्या उसन्याची चिठ्ठी आपल्याकडे नसते.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ शारजाच्या एका ग्रोसरीत अकरा वर्षे होते. मार्च २०२२ मध्ये गुडघ्याच्या दुखण्यामुळे नोकरी सोडून कायमचे गावी आले. मालक त्यांच्याच तालुक्यातला. निघताना त्याने विमानाचे तिकीट दिले, दोन ब्लँकेटे दिली, हातात २,००० दिरहम ठेवले आणि एका कागदावर सही घेतली. हे गृहस्थ दीड वर्षाने दुसऱ्याच कामासाठी आमच्याकडे आले आणि बोलता बोलता मालकाची स्तुती करू लागले. आम्ही त्यांचे जुने कॉन्ट्रॅक्ट पाहायला मागितले. बेसिक ७०० दिरहम होते. कागदावर आकडेमोड केली तर त्यांचा हिसाब ६,६५० दिरहम होत होता. ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "भाई, आपल्याच माणसाकडे काय मागायचं?" मागण्याची वेळही टळून गेली होती. दाव्याची मुदत त्या वेळी एक वर्षाची होती.

हा आकडा कसा आला ते सांगतो, कारण तो प्रत्येकाला घरबसल्या काढता येतो. अमिरातीत १९८० चा कामगार कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार एक वर्ष सलग नोकरी झालेल्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षामागे ३० दिवसांचा बेसिक पगार मिळतो, एकूण रक्कम मात्र दोन वर्षांच्या पगाराहून अधिक होत नाही. ७०० ला ३० ने भागून २१ ने गुणले की ४९०. पाच वर्षांचे २,४५०. पुढल्या सहा वर्षांचे सातशेप्रमाणे ४,२००. बेरीज ६,६५०. जुन्या कायद्यात, बिनमुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवर असलेला माणूस पाच वर्षांच्या आत स्वतःहून राजीनामा देऊन निघाला तर त्याला एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांशच मिळत असे. नव्या कायद्याने ती काटछाट काढून टाकली. 'तू स्वतःहून सोडलीस, आता हिसाब अर्धा' असे आजही काही मालक सांगतात आणि आमची पोरे ते खरे मानतात. तो कायदा संपला आहे. सगळा हिसाब नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत चुकता करायचा असतो, हेही त्यातच आहे.

आता त्या 'बेसिक' शब्दाकडे येऊ. सगळी मेख तिथे आहे. दोन पोरे एकाच कंपनीत लागली, दोघांचा पगार २,००० दिरहम. एकाच्या कॉन्ट्रॅक्टवर बेसिक १,४०० आणि बाकीचे भत्ते, दुसऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टवर बेसिक ८०० आणि बाकीचे भत्ते. दर महिन्याला दोघांच्या हातात सारखेच पैसे पडतात, म्हणून कोणाच्या काही लक्षात येत नाही. दहा वर्षांनी पहिला निघतो तेव्हा त्याचा हिसाब ११,९०० दिरहम होतो, दुसऱ्याचा ६,८००. मधले ५,१०० दिरहम गेले कुठे? ते कधी कमावलेच गेले नाहीत, कारण पहिल्या दिवशी सही केली तेव्हाच ते सोडून दिले होते.

ओव्हरटाइमचेही तसेच. कायद्याने रोज ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम. त्यावर जादा काम करून घेतले तर बेसिकच्या हिशेबाने सव्वापट, रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत दीडपट. १,४०० बेसिकवाल्याचा जादा तास सुमारे ७ दिरहम ३० फिल्सला जातो, ८०० वाल्याचा सव्वाचार दिरहमलाही जात नाही. रमजान महिन्यात रोजचे कामाचे तास दोनने कमी होतात. तिथे हॉटेलात आणि सुपरमार्केटात रमजानच्या रात्रीच धंदा जोरात असतो, त्यामुळे हे दोन तास किती जणांना प्रत्यक्ष मिळतात ते त्यांनाच ठाऊक. पण कमी केलेल्या तासांवर जे काम होईल ते ओव्हरटाइम असते, एवढे तरी माहीत असावे.

हे सारे लिहिण्याचे मुख्य कारण कामगार नाहीत, मालक आहेत. हे पान व्यापाराचे आहे आणि आमचे कितीतरी वाचक आज अमिरातीत, ओमानात, कतारमध्ये स्वतःची दुकाने चालवतात. गॅरेज, कार्गो, लाँड्री, भाजीचे होलसेल, टायपिंग सेंटर. वडील खलाशी किंवा हेल्पर म्हणून गेले, मुलाने धंदा उभा केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्या धंद्यात गावचीच पोरे कामाला असतात आणि त्यांच्यात व मालकात कागदापेक्षा नाते मोठे असते. नाते मोठे असावे यात वाद नाही. पण नात्याच्या नावाखाली पोराचा हिसाब ब्लँकेटात गुंडाळला जातो, हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले. परक्या कंपनीत लागलेला पोरगा निदान खात्याकडे तक्रार तरी नेतो. आपल्या माणसाकडे लागलेला पोरगा तक्रार नेत नाही, कारण उद्या गावच्या लग्नात दोघे एकाच दस्तरखानावर बसणार असतात. ही लाज ज्याचे देणे आहे त्याला वाटायला हवी. वाटते ती ज्याचे घेणे आहे त्याला.

मालकाची अडचण आम्हाला कळत नाही असे नाही. छोट्या दुकानदाराकडे एकदम सात-आठ हजार दिरहम नसतात, आणि दोन जुनी माणसे एकाच वर्षी निघाली तर दुकानच हलते. पण ही अडचण महिन्याच्या महिन्याला बाजूला न टाकल्यामुळे येते. किती टाकायचे, तेही आता सरकारनेच सांगून ठेवले आहे. अमिरातीने २०२३ मध्ये ग्रॅच्युइटीऐवजी बचत योजनेचा ऐच्छिक पर्याय दिला, त्यात मालकाने पाच वर्षांहून कमी नोकरी असलेल्यासाठी बेसिकच्या ५.८३ टक्के आणि त्याहून जुन्या माणसासाठी ८.३३ टक्के दरमहा भरायचे असतात. योजनेत जायचे नसेल तर नका जाऊ. पण १,४०० बेसिकच्या पोरामागे महिन्याला ८२ दिरहम वेगळ्या खात्यात टाकणे ज्याला जमत नाही, त्याने ते पोर कामाला ठेवताना हिशेब केलेला नाही, असे आम्ही म्हणू.

बहारीनने तर हा प्रश्न मालकाच्या मर्जीवर ठेवलाच नाही. मार्च २०२४ पासून तिथे परदेशी कामगाराच्या ग्रॅच्युइटीची रक्कम मालकाला दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरावी लागते. पहिली तीन वर्षे पगाराच्या ४.२ टक्के, पुढे ८.४ टक्के. नोकरी संपली की कामगार ती संस्थेकडून घेतो, मालकाच्या दारात उभे राहायचे कारण नाही. बहारीनमध्ये परदेशी कामगाराच्या पगारातून बेकारी विम्याचा १ टक्का कापलाही जातो. म्हणजे 'टॅक्स नाही' म्हणणाऱ्याला तिथे थोडी कपात सोसावी लागते, आणि त्या बदल्यात हिसाब सुरक्षित राहतो. आम्हाला विचाराल तर हा सौदा वाईट नाही. सगळ्या आखाताने तो करावा.

आमच्या दुकानदारांचा आणखी एक लाडका मार्ग म्हणजे भाच्याला व्हिजिट व्हिसावर आणायचे आणि गल्ल्यावर बसवायचे. 'बसलाय फक्त, काम थोडंच करतोय?' निरीक्षक आला की हे उत्तर चालत नाही. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवल्याचा दंड २०२४ च्या दुरुस्तीने १ लाख दिरहमपासून १० लाख दिरहमपर्यंत नेला आहे. पूर्वी तो ५० हजारांपासून होता. ग्रोसरीवाल्याचे सगळे दुकान विकले तरी १ लाख उभे राहतील की नाही, याचा विचार मामूंनी करावा.

पगार बँकेमार्फत देण्याची सक्ती अमिरातीत २००९ पासून आहे. त्यावरही तोडगा निघाला. कार्डात पूर्ण पगार जमा करायचा आणि संध्याकाळी त्यातले दोन-तीनशे दिरहम रोख परत घ्यायचे. सरकारी नोंदीत सगळे स्वच्छ. कामगार पुढे खात्यापुढे उभा राहिला तर त्याचे स्वतःचे खातेच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. ज्याच्यावर ही पाळी येते त्याने निदान परत दिलेल्या रकमेची तारीखवार टिपणे आणि फोनवरचे निरोप जपून ठेवावेत. आणि जे हे करतात त्यांना एक व्यवहारी गोष्ट सांगतो. जून २०२३ पासून अमिरातीत धंद्याच्या ३ लाख ७५ हजार दिरहमवरच्या नफ्यावर ९ टक्के कर आला आहे. आता वहीतला खर्च आणि गल्ल्यातली रोकड यांचा मेळ घालून दाखवावा लागेल. पगाराचे परत घेतलेले पैसे वहीत कुठे लिहिणार?

इथवर अमिरातीचे झाले. सौदीची गोष्ट निराळी आहे, आणि 'टॅक्स नाही' हे वाक्य सर्वांत फसवे तिथेच आहे. पगारावर कर नाही खरे, पण डोक्यावर आहे. परदेशी कामगारामागे खाजगी मालकाने सरकारला दरमहा शुल्क द्यायचे असते. २०१२ पासून ते २०० रियाल होते, २०१८ पासून वाढत वाढत २०२० मध्ये ८०० रियालवर गेले. जिथे सौदी कामगार निम्मे किंवा अधिक असतील तिथे ७००. लहान आस्थापनांना आणि कारखान्यांना काही सवलती मिळाल्या, तथापि ज्याला त्या लागू नाहीत त्याला एका माणसामागे वर्षाला ९,६०० रियाल केवळ परवान्यापायी मोजावे लागतात. २,००० रियालच्या माणसावर याचा भार पगाराच्या ४० टक्के होतो. पगारावरचा कर याहून वेगळा काय असतो?

कायदा सांगतो की हे शुल्क, अकाम्याचा खर्च, कामाच्या परवान्याचे नूतनीकरण, त्यात उशीर झाल्यास होणारा दंड आणि सुट्टीवर जाण्या-येण्याच्या व्हिसाची फी हे सगळे मालकाने सोसायचे. आझाद व्हिसावर गेलेले आमचे लोक मात्र हे सगळे स्वतः भरतात, वर कफीलाला महिन्याचे वेगळे देतात, आणि तरीही गावी येऊन 'टॅक्स नाही' म्हणतात. सामाजिक विम्याच्या बाबतीत, ज्याला तिथे 'गोसी' म्हणतात, परदेशी कामगाराच्या अपघात विम्यासाठी मालक २ टक्के भरतो, कामगाराच्या पगारातून त्यापोटी काही कापायचे नसते. कापले जात असेल तर विचारावे.

जुलै २०१७ पासून कुटुंबावर शुल्क आले. पहिल्या वर्षी माणशी महिना १०० रियाल, मग २००, ३००, आणि जुलै २०२० पासून ४००. हे मात्र कामगाराला स्वतःच भरावे लागते. बायको आणि तीन मुले सोबत असली तर महिन्याला १,६००, वर्षाला १९,२०० रियाल. जेद्दा-रियाधमध्ये वीस-वीस वर्षे संसार केलेली कितीतरी कुटुंबे त्या दोन-तीन वर्षांत सामान विकून परतली. मुंब्र्यात, पनवेलीत, चिपळुणात शाळांमध्ये त्या वर्षी अधेमध्ये आलेली, मराठी न येणारी मुले आठवतात? त्यांच्या बापांना आयकर नव्हता.

सौदीत हिसाबाची पद्धतही वेगळी आहे आणि एका बाबतीत ती कामगाराच्या फायद्याची आहे. तिथे केवळ बेसिक धरत नाहीत, शेवटचे वेतन धरतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचे, पुढे दर वर्षी पूर्ण महिन्याचे. परंतु राजीनाम्याची काटछाट तिथे अजून आहे. स्वतःहून नोकरी सोडल्यास दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षे झाल्यास एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षे झाल्यास दोन तृतीयांश, आणि दहा पूर्ण झाल्यावर सगळे. २,००० रियालवाला नऊ वर्षांनी राजीनामा देतो तर त्याच्या हाती सुमारे ८,६६७ रियाल येतात. आणखी एक वर्ष थांबला असता तर १५,०००. पुतण्याच्या लग्नासाठी चार महिने आधी राजीनामा देऊन आलेले लोक आम्हाला माहीत आहेत. लग्नाला रजेवरही येता आले असते. सौदीतल्या कामगाराला दोन वर्षांच्या सलग नोकरीनंतर, पूर्वी हज केलेला नसल्यास, हजसाठी १० ते १५ दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळते. ईदची सुट्टी त्यातच धरतात. नोकरीच्या काळात ती एकदाच मिळते. तिच्यासाठी राजीनाम्याची गरज नाही.

अमिरातीने १ जानेवारी २०२३ पासून बेकारीचा विमा सक्तीचा केला. १६,००० दिरहमपर्यंत बेसिक असलेल्याला महिन्याला ५ दिरहम, म्हणजे वर्षाला ६०. विमा न उतरवल्यास दंड ४०० दिरहम. बारा महिने विमा भरलेला असून मालकाने काढून टाकले तर बेसिकच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते, राजीनामा दिल्यास नाही. नोकरी गेल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. इथेही बेसिकच! ८०० वाल्याला महिन्याला ४८० दिरहम, १,४०० वाल्याला ८४०.

मग माणसाने करायचे काय? आमच्या अनुभवात सगळा खेळ गाव सोडण्यापूर्वीच्या आठवड्यात होतो. एजंट विमानतळावर जाण्याच्या आदल्या दिवशी कागद देतो, सही घेतो आणि 'तिथे गेल्यावर बाकीचे' म्हणतो. अमिरातीचे ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीखेरीज कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेत देण्याची व्यवस्था जानेवारी २०१६ पासून आहे. त्या भाषांत मराठी नाही, पण उर्दू आहे, हिंदी आहे. आमच्या घरांत उर्दू वाचणारे एक तरी माणूस असतेच, नसल्यास मशिदीत असते. उर्दू प्रत मागा. एजंट तोंड वाकडे करील, करू द्या. आपल्या सरकारने परवानाधारक एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घ्यायची मुभा दिली आहे. अमिरातीचा कायदा तर भरतीचा खर्च कामगाराकडून सरळ वा आडमार्गाने घ्यायलाच मनाई करतो. आमच्या तालुक्यात लाख-दीड लाखाखाली कोणी बोलत नाही. वरच्या पैशाची पावती मागून पाहा.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणेही तिथे बेकायदा आहे. हिसाब बुडाला तर दाव्याची मुदत २०२४ च्या दुरुस्तीने नोकरी संपल्यापासून दोन वर्षांची झाली आहे, आणि ५०,००० दिरहमपर्यंतच्या तक्रारीवर कामगार मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकते. आमच्या सर्वसाधारण कामगाराचा हिसाब या रकमेच्या कितीतरी खाली असतो.

जाता जाता इथल्या कराविषयी दोन शब्द. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक भारतात राहिलेला माणूस इथला रहिवासी ठरतो आणि त्या वर्षीचा परदेशातला पगारही इथल्या आयकरात येऊ शकतो. वर्षाच्या मध्यात जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पासपोर्टावरचे शिक्के मोजावेत. गावच्या दुकानगाळ्याचे भाडे, बँकेतल्या ठेवीचे व्याज, जमिनीच्या विक्रीचा नफा यांवर परदेशी राहिले तरी भारतात कर लागू शकतो. आणि जुने बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. हा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी.

ते ग्रोसरीवाले गृहस्थ ईदनंतर पुन्हा आले होते. या वेळी धाकट्या मुलाचे ऑफर लेटर घेऊन. दुबईची कंपनी, पगार १,८०० दिरहम. मुलगा खुशीत होता. बापाने चष्मा लावला, कागदावर बोट फिरवत फिरवत बेसिकच्या ओळीवर थांबवले. ६००. त्यांनी तिथेच बसून एजंटाला फोन लावला आणि म्हणाले, "हे सहाशे का आहेत, ते आधी सांगा." पलीकडून बरेच बोलणे झाले. शेवटी एजंट म्हणाला, कंपनीला विचारून कळवतो. ते कागद आमच्या टेबलावर ठेवून गेले आहेत, अजून सही झालेली नाही.